गजराला थांबवलेल्या कॅसेटी

साताऱ्याच्या महेंद्रनं माझ्या व्हिडिओ डेकचे चार स्क्रू काढले, आतल्या, कॅसेटवरचं चित्र वाचणाऱ्या चकचकीत गोल हेडवर भिंग धरलं आणि ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. रेडिओ, घड्याळं, जुने कॅमेरे दुरुस्त करणारा हा माणूस. असल्या यंत्राला हात लावणारा आमच्या भागात आता तोच उरलाय. शेवटी म्हणाला, "आप्पा, हेड घासलंय. वीस तास चालंल, लय तर पंचवीस. मग चित्रात चौकोन पडाय लागतील आणि एक दिवस नुसता निळा पडदा. नवं हेड मिळत न्हाई आता. कुठंच."

"मला एकशे चाळीस कॅसेटी बघायच्या हायत रं."

"मग कुठल्या बघायच्या न्हाईत ते आधी ठरवा."

डेक टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीनं कुंडलला निघालो. टिफिनच्या डब्याएवढं यंत्र. झाकण उघडलं की झाकणातच चार बोटं रुंद पडदा, खाली काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट घालायची खोबण. एके काळी पलूसपासून कराडपर्यंतच्या लग्नांत माझा हा डेक कॅमेऱ्यापेक्षा भाव खायचा. वरात निघायच्या आधी मंडपातल्या ट्रंकेवर ठेवून मी नवरीच्या बापाला अक्षता पडतानाचं चित्र दाखवायचो. बाप बघायचा आणि मग रडायचा. अक्षता पडताना त्याला रडायला फुरसत मिळालेली नसायची. रात्री तुकडे कापून जोडायचं मिक्सिंगही याच्यावरच, म्हणजे कॅमेऱ्याचं हेड झिजायचं नाही. झिजायचं ते याचं झिजलं.

घरी आलो तेव्हा शेजारच्या राणीवहिनी माझ्या बायकोचे, संयोगिताचे, केस विंचरत होत्या. "आलं बघा तुमचं मालक," त्या तिला म्हणाल्या. संयोगितानं दाराकडं बघितलं, मग परत खिडकीकडं.

चौदा महिने झाले. एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला तो सुटलाच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पाय काठीला धरून थोडा परत आला. बोलणं मात्र आलं नाही. डोळ्यांत सगळं कळतंय असं वाटतं, निदान काही दिवस वाटतं. तोंडातून एकच आवाज, "आं". भुकेला आं, नको म्हणायला आं, आणि कधीकधी कशालाच नाही, नुसता आं.

घरात दोन माणसं आणि बोलणारा एकच, हे कसलं असतं ते मला माहीत नव्हतं. आधी वाटायचं आपण गप्प स्वभावाचे. आता कळतंय, मला गप्प बसता यायचं कारण ती बोलत असायची. ऋषिराज, आमचा मुलगा, फौजेत आहे, राजस्थानात. रविवारी फोन करतो. मी फोन तिच्या कानाला लावतो. तो हवा-पाणी सांगतो, पोराची शाळा सांगतो, मग थांबतो. इकडून काहीच जात नाही. "आई, ठेवतो मग," म्हणतो. फोन ठेवल्यावरही ती तो कान तसाच धरून बसते.

सांगलीच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या प्रांजल मॅडम आहेत. माझ्या लेकीच्या वयाच्या असत्या, लेक असती तर. त्यांनीच विचारलं होतं, "काका, काकू गायच्या का कधी? बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच जागी नसतं. बोलता न येणारी माणसं कधीकधी गातात."

"गाणं न्हाई. पण कीर्तनात गजर म्हणायची."

"मग त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवून बघू. कुठं रेकॉर्ड असेल का? जितकं लवकर होईल तितकं बरं, काका. जसजसे दिवस जातील तसतसं अवघड होतं."

मी हसलोच. शूटिंगवाल्याला विचारताय रेकॉर्ड आहे का! मोबाईलवरचे गजर ऐकवून झाले होते, त्यांच्याकडं ती ढुंकूनही बघत नव्हती. ऋषिराजच्या फोनमध्ये तिचे सहा-सात व्हिडिओ आहेत, सगळ्यांत ती तोंडावर पदर घेऊन "नको रं, काढू नगंस" एवढंच म्हणते. पण माझ्याकडं हरिनाम सप्ताहांतल्या कीर्तनांच्या एकशे चाळीस कॅसेटी होत्या. लग्नाच्या कॅसेटी लोकांना दिल्या, पुसल्या, परत वापरल्या. कीर्तनाची एकही कधी पुसली नाही. माझ्या देवघराच्या खालच्या कप्प्यात त्या आहेत, कापडात बांधलेल्या, वर गावाचं नाव आणि साल.

सांगलीहून बसमध्ये परत येताना मला आठवलं, आणि हसू गेलं.

कीर्तनात असं असतं. महाराज निरूपण करत करत एका टोकाला येतात, त्याच्यापुढं शब्दच नसतो. तेव्हा ते दोन्ही हात वर करतात. टाळकऱ्यांच्या रांगा पुढं झुकतात, पखवाजावर थाप पडते आणि सगळा मंडप 'विठोबा रखुमाई' उचलतो. पाच मिनिटं, कधी दहा. मला विचाराल तर कीर्तनातलं खरं सांगणं तिथंच असतं. आधीचं सगळं म्हणजे तिथवर न्यायची वाट. तिथं माणूस आपलं नाव विसरतो, शेजारच्याचा खांदा आपला की त्याचा हे विसरतो.

आणि मी नेमका तिथं कॅमेरा बंद करायचो.

कॅसेट साठ मिनिटांची, कीर्तन दोन तासांचं, आणि सप्ताहाच्या कमिटीकडनं कॅसेटी मिळायच्या दोनच. गजर काय, सगळीकडं सारखाच. निरूपण चुकायला नको. महाराजांचे हात वर गेले की मी कॅमेरा बायकांच्या बाजूला फिरवायचो, एक नजर मंडप घ्यायचो आणि अंगठा दाबायचो. प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक गजराला. एकशे चाळीस कॅसेटी, आणि एकीतही गजर नाही.

नाथाजी आमच्या सप्ताहाचा पखवाजवाला. आता बोटं आखडलीत, पण कुठलं कीर्तन कुठल्या गावी कसं रंगलं ते त्याला तोंडपाठ. त्याला बोलावलं.

"एकशे चाळीस तास न्हाईत नाथाजी. पंचवीस हायत. त्यातलं कुठलं बघू?"

"आरं पण गजर न्हाईच म्हणतोस, तर बघतोस काय? महाराजांचं फेटं?"

"अंगठा दाबायच्या आधी दोन-तीन सेकंद येतात. त्यात तिचा आवाज आला असंल."

नाथाजी खाली मांडी घालून बसला. मग कॅसेटींवरचं कापड सोडून एकेक कॅसेट डोळ्याजवळ नेऊन वाचू लागला. "ही नको. ह्या महाराजांनी गजर घेतलाच न्हाई, घाईत हुतं, दुसरीकडं जायाचं हुतं. ही नको, वहिनी म्हायेरी हुत्या. ही घे. आन ही कोयनानगरची घे. तिथं वहिनी आलत्या, घाटात गाडी लागली आन ह्यांनी माझ्या पिशवीत..."

"आठवतंय."

"माझं धोतर हुतं गड्या त्या पिशवीत. धुतलेलं! कीर्तनाला ओलं धोतर नेसून पखवाज वाजीवला मी." तो संयोगिताकडं वळला. "व्हय का न्हाई ओ वहिनी?"

ती त्याच्याकडं बघत होती. नाथाजीनं थोडा वेळ वाट बघितली, मग खाली बघून परत कॅसेटी निवडू लागला. चौतीस काढल्या. दोन गजरांच्या मधलं महाराजांचं सगळं सांगणं पळवायचं आणि फक्त हात वर जातात तिथं थांबायचं, असं ठरवलं. देवाची क्षमा मागितली. महाराजांचे शब्द पळवून मी कधी बघितले नव्हते.

माझा मिक्सिंगचा जुना संगणक माजघरात आहे. पंखा गिरणीसारखा घरघरतो, पण डेकची वायर घ्यायला त्यालाच भोक आहे, नव्यांना नाही. टेबलावर डेक मांडला, संयोगिताची खुर्ची मागं खिडकीपाशी ठेवली आणि पहिली कॅसेट घातली.

महाराजांचे हात वर गेले. कॅमेरा फिरला. बायकांची पहिली रांग, कडेवरची पोरं, टाळ्यांसाठी उचललेले हात. आणि सगळ्या आवाजाच्या वर, अगदी माझ्या कानात बोलल्यासारखं:

"विठोबाऽ र..."

तुटलं. पुढच्या क्षणी महाराज घाम पुसून पुढचा दृष्टांत सांगत होते.

ती चित्रात नव्हती. पण आवाज तिचाच होता, आणि तो एवढा जवळ का, हे मला माहीत होतं. ती बायकांत बसायचीच नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायाशी बसायची, बॅटऱ्यांची आणि कॅसेटींची पिशवी मांडीवर घेऊन. तिथनंच मला बॅटरी द्यायची, तिथनंच गजर म्हणायची, मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. पहिल्या वर्षी कमिटीतले एकजण कॅसेट बघून म्हणाले होते, "आप्पा, म्हाराजांपरीस तुमच्या मंडळीचाच आवाज मोठा की!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तिला म्हणालो, "हळू म्हणत जा. माईकमधी येतंय."

"देवाला हळू कसं म्हणायचं?" ती म्हणाली होती.

मग मी तिला काही बोललो नाही. अंगठा लवकर दाबायला लागलो. कॅसेट पुरत नाही हे खरंच होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, हे त्या दिवशी डेकसमोर बसल्यावर कबूल केलं. ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून सोपं गेलं.

पुढच्या आठवडाभर रोज दुपारी तेच. कॅसेट घाल, पळव, हात वर, कॅमेरा फिरला, "विठोबाऽ र". हात असा काही बसला होता माझा, की गावं बदलली, महाराज बदलले, पण तुटायची जागा बदलली नाही. कधी 'र'च्या आत, कधी 'र'ला लागून. एका कॅसेटीत तरी माझा अंगठा घसरला असेल, बॅटरी द्यायला तिनं हाक मारली असेल आणि मी विसरलो असेन, असं वाटायचं. नाही. फार चोख काम होतं माझं.

तोवर दहा-बारा तुकडे संगणकात घेतले होते. मिक्सिंगवाल्याची खोड, अर्धं असलं की जोडायचं. दुसऱ्या एका सप्ताहाच्या मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमधनं कुणा बाईचं 'रखुमाई' कापलं, पट्टी जुळवली आणि संयोगिताच्या 'विठोबा'ला असं लावलं, की नाथाजीही म्हणाला, "आरं, हे तर पुरं हाय!" संयोगिताला ऐकवलं. ती खिडकीबाहेर शेवग्यावरच्या कावळ्याकडं बघत राहिली. चारदा लावलं. पाचव्यांदा तिनं डावा हात कानावर ठेवला.

मी बंद केलं. दुसऱ्याच्या गळ्यातलं तिच्या तोंडात घालत होतो मी.

सोळावी कॅसेट कोयनानगरची. दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. महाराजांचे हात वर, कॅमेरा फिरला, "विठोबाऽ र", आणि तुटलं. हा तुकडा स्वच्छ होता, म्हणून मी डेक थांबवला, वायर बघायला वाकलो.

मागून आवाज आला.

"...खुमाई."

मला वाटलं डेक. डेक थांबलेला होता, पडदा निळा. मी वळलो नाही. वळलो तर जाईल असं वाटलं. तसाच वाकून कॅसेट पाच सेकंद मागं घेतली आणि बटण दाबलं.

"विठोबाऽ र..."

"खुमाई," मागून. जाड, घोगरं, अर्ध्या ओठातून आलेलं, पण सुरात. चौदा महिन्यांतला पहिला शब्द. शब्दही नाही, शब्दाची शेपटी.

अर्धं सोडलेलं तिला सहन झालं नाही. जोडून दिलं तेव्हा तिला करायला काही उरलं नव्हतं.

प्रांजल मॅडमना फोन केला तर त्या ओरडल्याच. "काका! सुरुवात देऊन शेवट त्यांना करू देणं, हेच तर आम्ही करतो. रोज करा. हळूहळू यंत्र कमी करा, तुम्ही द्या सुरुवात."

रविवारी ऋषिराजचा फोन आला तेव्हा तुकडा लावून फोन तिच्या तोंडाशी धरला. तिनं म्हटलं. मी फोन परत माझ्या कानाला घेतला.

"ऐकलंस का रं?"

"पप्पा," तो म्हणाला, "परत लावा." तीनदा लावायला लावलं. मग म्हणाला, "ड्युटी हाय," आणि ठेवला.

विसाव्या कॅसेटीला चित्रात चौकोन पडले. बाविसावीला महाराजांचं अर्धं तोंड पडद्याच्या एका कोपऱ्यात आणि अर्धं दुसऱ्यात. तेविसावी घातली, तर निळा पडदा. क्लीनरची कॅसेट फिरवली, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. निळा तो निळाच. उरलेल्या कॅसेटींत काय आहे ते आता कुणालाच कळणार नाही. पण एकोणीस तुकडे संगणकात आले होते. मी डेकचं झाकण लावलं आणि ठरवलं, आजपासून सुरुवात मी द्यायची.

तिच्यासमोर बसलो. घसा साफ केला. "विठोबाऽ र..."

तिनं माझ्याकडं बघितलं. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस एकदम गायला लागला तर आपण बघतो ना, तसं. मग संगणकाकडं बघितलं.

संगणकावर तुकडा लावला. "खुमाई." लगेच.

परत मी. काही नाही. परत संगणक. "खुमाई." दोन दिवस असंच चाललं. ती बोलत होती, पण माझ्याशी नव्हे. वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःशी बोलत होती. त्या दोघींचं जमलं होतं. मी मध्ये बटण दाबणारा. आधीही तेच होतो.

नाथाजीला सांगितलं. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर तो हसायला लागला.

"वळखंल कशी तुला? तुझा आवाज तिनं कवा ऐकलाय गजरात?"

"म्हंजे?"

"आरं, वीस वर्सं मी समोरनं बघतोय की. सगळा मंडप नाचतोय, पाटील नाचतोय, मास्तर नाचतोय. तू खांबावानी हुबा. तोंड मिटलेलं. एकदा म्हाराजांनी सोता तुला हात केला, तरी न्हाई."

खरं होतं. कॅमेऱ्याच्या सगळ्यांत जवळ मीच. मी तोंड उघडलं असतं तर माझाच आवाज आला असता. पुढं सवय झाली. कॅमेरा बंद केल्यावरही गात नसे. कीर्तन माझा जीव की प्राण, आणि आयुष्यभरात एकाही गजरात मी नाही.

"मग आता काय करू?"

"तिच्यासंगट म्हण. आधी तिच्या मागनं. पुढारपण नगं करूस एकदम." मग उठता उठता म्हणाला, "आन जरा वर घे. रेडा वरडल्यावानी नगं."

दुसऱ्या दिवसापासून संगणकाच्या आवाजात माझा आवाज मिसळायला लागलो. तुकडा वाजला की तिच्या जुन्या आवाजाखाली, हळूच, "विठोबाऽ र". ती 'खुमाई' म्हणायची, पडद्याकडं बघून. रोज मी संगणकाचा आवाज एक घर खाली न्यायचो आणि माझा तेवढा वर. दारावरनं जाणाऱ्या बाया थबकायच्या. राणीवहिनी म्हणाल्या, "आवं आप्पा, भजनी मंडळात नाव घातलं का काय?" लाज वाटायची. अजून वाटते. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तोंड उघडलं की आवाज पोरासारखा फाटतो.

दोनदा सगळं परत पहिल्यावर आलं. ताप आला त्या आठवड्यात ती संगणकालाही बोलली नाही. मी रोज एकटाच म्हणत बसलो, समोर भिंत असल्यासारखा.

परवा सकाळी संगणकाचा आवाज शून्यावर नेला. पडद्यावर बायकांची रांग हलत होती, मुकी. मी म्हणालो, "विठोबाऽ र..."

काही नाही. परत म्हणालो. ती पडद्याकडं बघत होती. तिसऱ्यांदा म्हणालो आणि उठलो, दूध ठेवायचं होतं.

"विठोबाऽ र..."

ती म्हणाली. तिनं. मी जिथं अंगठा दाबायचो त्याच जागी येऊन थांबली, केसभरही फरक नाही. माझी चूक तिच्या तोंडात ओवी बसावी तशी बसली होती. आणि ती पडद्याकडं बघत नव्हती. मान वळवून माझ्याकडं बघत होती, भुवया थोड्या वर, बॅटरी पुढं करून मी घ्यायची वाट बघावी तशी.

"खुमाई," मी म्हणालो.

तिनं डावा हात थोडा वर उचलला. माझा सूर खाली पडला होता. मी परत म्हणालो.